बेड्यांची लाज : पाळकांना आणि वडीलजनांना खुले पत्र

आदरणीय पाळक आणि मंडळीचे वडीलजन यांस,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सलाम.

हे पत्र कुठल्या एका मंडळीसाठी नाही. एखाद्या सभासदाकडून चूक होते, त्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवायचे ठरते, ठराव वहीत उतरतो आणि सगळे प्रार्थना करून घरी जातात. असे जिथे जिथे घडते, तिथल्या वडीलजनांनी हे वाचावे एवढीच माझी इच्छा आहे. मी स्वतः अशा बैठकीत बसलेलो आहे. बावीस वर्षे रविवारच्या शाळेत शिकवले, पुढे कमिटीवरही होतो. तेव्हा या पत्रात जो दोष दाखवतो आहे, तो आधी माझा आहे.

योहान १५:१३ आपल्याला पाठ आहे. आपल्या मित्रांकरता प्राण देण्याहून मोठी प्रीती कोणाची नाही, असे प्रभू म्हणाला. गुड फ्रायडेला हे वचन हमखास वाचले जाते आणि वाचणाऱ्याचा आवाज 'प्राण' या शब्दावर चढतो. 'मित्रांकरता' हा शब्द तोवर मागे पडलेला असतो. मी कितीतरी वर्षे हे वचन असेच ऐकले, असेच मुलांना शिकवले. वधस्तंभाचे वचन म्हणून शिकवले. मैत्रीचे वचन म्हणून एकदाही नाही.

ते कुठल्या घडीला बोलले गेले ते आठवा. अटकेची रात्र होती. समोर जे बसले होते ते काही तासांत पळून जाणार होते. कोंबडा आरवण्याआधी तू मला तीनदा नाकारशील, हे पेत्राला सांगूनही झाले होते. तरी पंधराव्या वचनात प्रभू म्हणतो की यापुढे मी तुम्हांला दास म्हणत नाही, मी तुम्हांला मित्र म्हटले आहे. आणि कारणही देतो : पित्याकडून जे ऐकले ते सगळे मी तुम्हांला कळवले. धन्याचे मन दासाला माहीत नसते. मित्रापाशी ते उघडे केलेले असते. प्राण देण्याच्या कितीतरी आधी प्रभूने त्यांच्यापाशी मन उघडे केले होते, तीन वर्षे त्यांच्याबरोबर चालला होता, थकला होता, रडला होता. आपण ही सगळी वाट गाळतो आणि एकदम प्राणापाशी पोहोचतो. म्हणून ते वचन आपल्याला ऐकायला भव्य वाटते आणि आपल्याकडून काही मागत नाही.

आपण एकमेकांना भाऊ म्हणतो, बहीण म्हणतो. हे शब्द पवित्र आहेत, मी त्यांना कमी लेखत नाही. पण मित्र हा शब्द आपण मंडळीत जवळजवळ फक्त इशारा द्यायला वापरतो. कुसंगतीने नीती बिघडते, हे प्रेषित पौलाचे वाक्य मी मुलांकडून शेकडो वेळा पाठ करून घेतले असेल. कोणाची संगत टाळावी हे सांगितले. संगत द्यावी कशी, ती टिकवावी कशी, अडचणीत आलेल्या सोबत्याजवळ जाऊन नेमके करायचे काय, यावर एकही धडा घेतला नाही. आता ती मुले मोठी झाली आहेत आणि मला वाईट वाटते.

माझी गोष्ट सांगतो. नावे घेणार नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी मला नैराश्याचा आजार झाला. अंथरुणातून उठवत नसे, प्रार्थना तोंडात येत नसे. मंडळीतली माणसे आली, वचने वाचून गेली, विश्वासात कुठे कमी पडलास ते शोध असे सुचवून गेली. त्यांचा हेतू वाईट नव्हता. ईयोबाचे तिघे मित्रही सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले होते. तोंड उघडल्यावर बिघडले. माझ्याकडे येणारे बहुतेक जण आठव्या दिवसापासूनच सुरुवात करत.

एक मित्र मात्र दर गुरुवारी संध्याकाळी यायचा. तो मंडळीचे हिशेब बघायचा. बोलायचा फार थोडे. साचलेली भांडी घासायचा, वाळलेले कपडे घडी करून ठेवायचा, मग माझ्या पलंगाजवळ खुर्ची ओढून तासभर बसायचा. एकदा मी चिडून म्हणालो, "जा तू. तुझ्या येण्याने काही होत नाही." तो म्हणाला, "जातो. पुढच्या गुरुवारी येतो." असे चौदा महिने. औषधांनी मला बरे केले हे मी मानतो आणि डॉक्टरांचे उपकारही मानतो. पण औषधे घ्यायला जिवंत राहावे असे मला वाटत होते, ते त्या गुरुवारांमुळे.

पुढे काही वर्षांनी मंडळीच्या हिशेबात रक्कम कमी निघाली. विचारल्यावर त्याने लगेच कबूल केले. घरात मोठी अडचण होती, त्याने पैसे वापरले होते, परत भरीन म्हणता म्हणता राहून गेले होते. तो दोषी होता. बैठक बसली, त्याचे पद काढले, त्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवले, रक्कम फेडायची मुदत ठरली. निर्णय बरोबर होता असे मला आजही वाटते. मीही हात वर केला होता.

पण त्या बैठकीत कोणी विचारले नाही की आज रात्री त्याच्या घरी कोण जाणार. मीही विचारले नाही. मी गेलोही नाही. लोक म्हणतील याचाही त्यात हात असेल, अशी भीती मला वाटली. उद्या, परवा, थोडे शांत होऊ दे, असे करत आठ महिने गेले. रस्त्यात तो समोरून आला तर मी दुसऱ्या बाजूने चालायचो. शेवटी एका संध्याकाळी त्याच्या दारात उभा राहिलो तेव्हा त्याने माझ्याकडे बघितले आणि विचारले, "आज गुरुवार आहे का?"

गुरुवार नव्हता. मी वारही बघितला नव्हता.

त्यानंतर मी पौलाची तीमथ्याला लिहिलेली दुसरी पत्रिका पुन्हा वाचायला घेतली, आणि पहिल्याच अध्यायात अडलो. आशियातले सगळे मला सोडून गेले, असे पौल तिथे लिहितो. त्यातल्या दोघांची नावेही देतो, फुगल आणि हर्मगनेस. आणि मग एका वेगळ्या माणसाचे नाव येते : अनेसिफर. त्याने मला पुष्कळदा दिलासा दिला, त्याला माझ्या बेड्यांची लाज वाटली नाही, रोमला आल्यावर त्याने कसोशीने माझा शोध घेतला आणि मला शोधून काढले. एवढेच. अनेसिफराचा उपदेश कुठे नोंदलेला नाही, त्याने मंडळी स्थापल्याचे कुठे लिहिलेले नाही. रोमसारख्या शहरात एका कैद्याचा ठावठिकाणा विचारत फिरायचे म्हणजे विचारल्या जाणाऱ्या प्रत्येकाला आपले नाव त्या कैद्याशी जोडून द्यायचे. त्याने ते केले. पौल त्याच्या घरच्यांसाठी दया मागतो, त्यावरून तोवर तो वारला असावा असे काही अभ्यासकांना वाटते. त्याच पत्रिकेच्या शेवटी पौल सांगतो की माझ्या पहिल्या जबाबाच्या वेळी माझ्या बाजूला कोणीच उभे राहिले नाही.

बेड्यांची लाज. माझा आजार हा सगळ्यांना दया वाटावी असा होता. माझ्याजवळ बसल्याने कोणाचे नाव जाणार नव्हते. माझ्या मित्राच्या पायात मात्र बेड्या होत्या, आणि मला त्यांची लाज वाटली. आपल्या मंडळ्या आजाऱ्याला भेटायला चुकत नाहीत, मयताच्या घरी तर धावून जातात. आपले पाय अडतात ते बदनाम माणसाच्या उंबऱ्याशी. मित्रासाठी प्राण देण्याची वेळ हजारात एखाद्यावर येते. १९४१ साली आउशवित्झच्या छळछावणीत माक्सिमिलियन कोल्बे या फादरांवर ती आली. उपासमारीने मारण्यासाठी निवडलेल्यांत एक बायकामुलांचा माणूस होता, आणि फादरांनी त्याच्या जागी स्वतःला पुढे केले. तो त्यांचा मित्रही नव्हता. आपल्यापैकी बहुतेकांना प्राण द्यावा लागणार नाही. आपल्याला चांगले नाव द्यावे लागेल, आणि ते आपल्याला प्राणाहून जड जाते.

शौल राजाचा मुलगा योनाथान याच्याकडे या नजरेने बघा. १ शमुवेलाच्या अठराव्या अध्यायात तो आपला झगा, आपली वस्त्रे, तलवार, धनुष्य आणि कमरपट्टा दाविदाला देतो. राजपुत्राच्या अंगावरून उतरलेली ही वस्त्रे मेंढपाळाच्या अंगावर चढली तेव्हा बघणाऱ्याला काय कळले असेल? विसाव्या अध्यायात शौल त्याला स्पष्ट बजावतो की इशायाचा पुत्र, म्हणजे दावीद, जिवंत आहे तोवर तू टिकणार नाहीस आणि तुझे राज्यही टिकणार नाही. भर भोजनाच्या बैठकीत बाप त्याला आईवरून शिवी देतो आणि त्याच्यावर भाला फेकतो. तरी तो हटत नाही.

मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो तेविसावा अध्याय. दावीद जीफच्या रानात लपलेला आहे, राजाची माणसे त्याच्या मागावर आहेत. योनाथान उठतो, तिथे जातो, आणि शास्त्र सांगते की त्याने देवाच्या ठायी दाविदाचा हात बळकट केला. पळपुट्या गुन्हेगाराच्या भेटीला राजपुत्र रानात गेला. तू राजा होशील आणि मी तुझ्याखालोखाल असेन, असे तो म्हणाला. मग करार करून तो घरी परतला. त्यानंतर दोघांची भेट झाल्याचे शास्त्रात नाही. गिलबोवा डोंगरावर योनाथान पडला तो बापाच्या बाजूने लढताना. बापाचा अन्याय त्याने तोंडावर सांगितला, पण बापालाही टाकले नाही. या दोन निष्ठांचा ताण त्याने मरेपर्यंत अंगावर वागवला, आणि आपल्याला मात्र निष्ठा म्हणजे एक बाजू धरणे एवढेच वाटते.

आणि मफीबोशेथ. तो पाच वर्षांचा असताना, पळापळीत दाईच्या हातून पडून दोन्ही पायांनी लंगडा झालेला योनाथानाचा मुलगा. दावीद राजा झाल्यावर त्याला लोदबारहून शोधून आणतो आणि आपल्या पंक्तीला बसवतो. मित्र मेल्यावरही केलेला करार चालू राहतो. आपल्या मंडळीत एखाद्याचे नाव यादीतून जाते तेव्हा त्याची मुले रविवारच्या शाळेत यायची थांबतात. त्यांच्या मागे कोण जाते? मी शिक्षक असताना अशी दोन मुले यायची थांबली. हजेरीपटावर मी फक्त गैरहजर लिहीत राहिलो.

प्रभूनेही असेच नाव घालवले. जकातदारांचा आणि पापी लोकांचा मित्र, ही त्याला मारलेली शिवी होती. मत्तयाच्या अकराव्या अध्यायात ती आहे. आपण तिची गीते केली, म्हणून तिचा डंख आपल्याला कळत नाही. लाजराचा प्रसंगही असाच. आपण पुन्हा यहूदीयात जाऊ, असे प्रभू म्हणतो तेव्हा शिष्य त्याला आठवण देतात की तिथले लोक आत्ताच तुला दगडमार करू पाहत होते. तरी आपला मित्र लाजर झोपला आहे, मी त्याला उठवायला जातो, असे प्रभू म्हणतो. थोमा तर म्हणतो, चला, आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ. प्रभू गेला. कबरीपाशी रडला, मित्राला बाहेर बोलावले. आणि योहान लगेच पुढे सांगतो की त्या दिवसापासून यहूदी धर्मसभेने येशूला जिवे मारण्याची मसलत केली. एका मित्राला कबरीबाहेर काढले म्हणून तो स्वतः कबरीच्या वाटेला लागला.

आता तुम्ही म्हणाल, आणि म्हणायलाच हवे, की मग शिस्तीचे काय? मित्र मित्र म्हणून पापावर पांघरूण घालायचे का? हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण निष्ठा या शब्दाने मंडळ्यांमध्ये फार अनर्थही केला आहे. एखाद्या वजनदार माणसाने एखाद्या स्त्रीला किंवा लेकराला इजा केली आणि त्याचे सोबती एक होऊन त्या पीडितेचे तोंड बंद करतात, मंडळीचे नाव जाईल म्हणतात, क्षमा कर म्हणून तिच्या पाठीस लागतात. ही मैत्री नव्हे. ही टोळी आहे, आणि प्रभूचे नाव घेऊन केलेली असल्याने अधिक भयंकर आहे. तिथे मंडळीने सर्वांत आधी जाऊन उभे राहायचे ते दुखावलेल्या माणसाजवळ. गुन्हा असेल तर तो कायद्याच्या हाती द्यायचा. आणि अपराध्याचा कोणी खरा मित्र असलाच, तर त्याने त्याला घेऊन पोलिसांकडे जावे, कबुली देताना त्याच्या शेजारी बसावे, शिक्षा झाली तर तुरुंगात भेटायला जावे. मित्राने केलेले घाव विश्वासाचे, असे नीतिसूत्रांत म्हटले आहे. नाथान संदेष्ट्याने पापात पडलेल्या दाविदाला तोंडावर सांगितले की तो मनुष्य तूच. आणि पुढे म्हाताऱ्या दाविदाच्या अखेरच्या दिवसांत, वारसाचा घोळ पडला तेव्हा, तोच नाथान त्याच्या खोलीत हजर होता. दोष सांगणारा माणूस टिकूनही राहिला.

आपल्या शिस्तीत हा दुसरा अर्धा भाग हरवला आहे. आपण दोष सांगतो आणि उठून जातो.

आणखी एक गोष्ट. मंडळीत मित्राला काही स्थान नाही. आजारपणात, अंत्यविधीत, कुठल्याही ठरावात आपण विचारतो, घरचे कोण आहेत? लग्नासाठी आपल्याकडे विधी आहे, बाळासाठी आहे, मैत्रीसाठी काही नाही, आणि मी विधी मागतही नाही. पण लग्न न झालेल्या, जोडीदार गेलेल्या, घरच्यांनी टाकलेल्या सभासदाचे जवळचे माणूस म्हणजे बहुधा एखादा मित्रच असतो. डीट्रिख बॉनहोफर हे जर्मन पाळक १९४३च्या एप्रिलपासून बर्लिनच्या टेगेल तुरुंगात होते, तेव्हा त्यांच्या आणि एबरहार्ड बेथगे या मित्राच्या पत्रव्यवहारात हाच विषय निघाला होता. लग्नाला आणि नात्याला जगात मान्य झालेले हक्क असतात, मैत्रीला ते नसतात. ९ एप्रिल १९४५ रोजी बॉनहोफर यांना फाशी झाली. बेथगेंनी ती पत्रे जपली, युद्धानंतर छापली आणि मित्राचे लिखाण जगापुढे ठेवण्यात उरलेले आयुष्य घातले. आज आपले पाळक बॉनहोफर यांचे विचार उपदेशात सांगतात, ते एका मित्राने जपले म्हणून.

पाळकांना थोडे वेगळे सांगायचे आहे. तुम्हांला स्वतःला मित्र आहे का? सगळ्यांशी सारखे वागावे, कोणाशी जास्त जवळीक करू नये, असा सल्ला तुम्हांला मिळालेला असतो. गटबाजी टाळण्यासाठी तो असतो हे मी समजतो. पण प्रभूचे बारा होते, बारांत तीन होते, आणि ज्याच्यावर प्रभूची प्रीती होती असा एक शिष्य होता. गेथशेमानेत प्रभूने त्या तिघांकडे सोबत मागितली. माझ्याबरोबर जागे राहा, म्हणाला. ते झोपले, तो पुन्हा आला, पुन्हा आला. देवाच्या पुत्राला त्या रात्री माणसांची सोबत हवीशी वाटली. ज्या पाळकाला स्वतःच्या रात्री कोणाला उठवता येत नाही, तो दुसऱ्यांना सोबतीचे काय शिकवणार, याची मला काळजी वाटते. रागावू नका. मी तुमच्यासाठी प्रार्थना करणाऱ्यांपैकी आहे.

माझा मित्र आता दुसऱ्या मंडळीत जातो, शेवटच्या बाकावर बसतो. त्याने सगळी रक्कम हप्त्याहप्त्याने फेडली, मुदतीच्या आत. शेवटचा हप्ता भरला तेव्हा वहीत तशी नोंद झाली. त्याला परत बोलवायला मात्र कोणी गेले नाही; ठरावात ते लिहिलेले नव्हते. मला त्याने क्षमा केली आहे. एकदा मी त्या आठ महिन्यांबद्दल बोलायला लागलो तेव्हा त्याने मला थांबवले. "तू उशिरा आलास, पण आलास. पेत्रही उशिराच आला होता," म्हणाला. त्या वाक्याने मला बरे वाटले, आणि झोपही उडाली.

म्हणून एकच मागणे. यापुढे शिस्तीचा कुठलाही ठराव लिहाल तेव्हा त्याच्याखाली आणखी एक ओळ लिहा : याच्याकडे कोण जाणार. नाव लिहा, वार लिहा. नाव मिळाल्याशिवाय प्रार्थना करून उठू नका. आणि ज्याचे नाव लिहाल त्याला सगळ्यांसमोर सांगा की तो मंडळीच्या वतीने जातो आहे, म्हणजे त्याच्याकडे कोणी संशयाने बघणार नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्यासाठीही अशीच एक ओळ लिहा, आणि ती आधी लिहा.

आमच्याकडे पुढच्या महिन्यात एका तरुणाचा विषय बैठकीपुढे यायचा आहे. त्याने काय केले ते मला माहीत आहे आणि निर्णय कडक होईल हेही दिसते आहे. तो व्हावा. मी आता कमिटीवर नाही, बैठकीत मला बोलता येणार नाही. पण ती ओळ लिहिण्याची वेळ आली तर पहिले नाव माझे लिहा. वार गुरुवार.

प्रभूमध्ये आपला,
मंडळीचा एक सभासद